ईशान्येकडे तोंड केलेली खुर्ची

रावपुऱ्यातल्या काकूंनी दिवाळी अंकासाठी लिही म्हटलं, तेव्हा सवयीने मी आधी त्यांच्या पाया पडले आणि मग नाही म्हणाले. त्यांच्या सासूबाईंना मी अखेरपर्यंत सांभाळलं होतं, तेवढीच आमची ओळख.

"काकू, सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही हो."

"तुझं तोंड तर चालतं ना? मग तसंच लिही. शुद्धलेखनाचं मी बघते."

तर लिहिते आहे. काही चुकलं तर काकूंकडे बोट दाखवा.

माझं गाव वाशीमकडचं. नवऱ्याला सावली गावाच्या बाजूला कारखान्यात काम मिळालं म्हणून बडोद्याला आलो, आणि त्याच्या पगारात भागेना म्हणून मी ब्यूरोत नाव घातलं. ब्यूरो म्हणजे घरी आजारी माणसं सांभाळायला बाया पाठवणारं ऑफिस. गावाकडे मी सांगते, "पेशंट बघते." आई शेजारणींना सांगते, "सुनंदा नर्स झाली." मी नर्स नाही. सुई टोचायची मला परवानगी नाही आणि हिंमतही नाही. माझं काम म्हणजे अंघोळ, वेणीफणी, डायपर, वेळेवर गोळी, दर थोड्या वेळाने कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, आणि माणसाशी बोलणं. शेवटचं काम ब्यूरोच्या कागदात नसतं, पण सगळ्यात जास्त तेच करावं लागतं.

शिवाय मला कायम धाकधूक. आज घरचे काही बोलले नाहीत ना, ब्यूरोच्या मॅडमचा फोन का आला असेल, उद्या ये म्हणतील की नको म्हणतील? कुणी कपभर चहा दिला तरी मला भरून येतं. नव्या घरी गेले की मी म्हाताऱ्यांच्या, त्यांच्या मुलांच्या, एकदा तर गडबडीत मीटर बघायला आलेल्या माणसाच्यासुद्धा पाया पडले आहे. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डबाबा होते. तोंडाशी गोळी नेली की मान फिरवायचे. त्यांच्या सुनेने सगळे उपाय करून पाहिले. एकदा मी वाळत घातलेला हिरवा ब्लाउजपीस झटकला आणि बाबांनी आपण होऊन तोंड उघडलं. सिग्नल मिळाला ना! पुढे वर्षभर मी पदराला हिरवं कापड खोचून फिरले. या कामात असंच असतं. माणसाच्या आत कुठे काय अडकलंय ते डॉक्टरांच्या फोटोत येत नाही, ते कधीतरी अचानक हाताला लागतं. नाहीतर लागतच नाही, आणि माणूस निघून जातो. लागलं नाही अशीही घरं आहेत माझी. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हा अंक दिवाळीचा राहणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते नानीमाँबद्दल.

समा भागात एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या लेकीकडे राहायच्या. लेक मुमताजबेन, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. नानीमाँची नव्वदी उलटलेली. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड टाकला होता. ऑपरेशन छान झालेलं. डॉक्टरांनी मात्र मुमताजबेनना बजावून सांगितलं होतं, "या महिन्यात उभ्या राहिल्या तर चालतील. नाही राहिल्या, तर कायमच्या खाटेवर." त्या वयात खाट धरली की पुढे काय काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी वाकले पायाला हात लावायला, तर त्यांनी पाय असा ओढून घेतला की दुखऱ्या खुब्यातून कळ गेली असणार.

"ए! उभी राहा. सरळ."

मी घाबरले. म्हटलं, मुसलमान घर, बाटलं की काय काहीतरी.

"नाव काय तुझं? सुनंदा? हे बघ सुनंदा, कंबर खुदाने एकच दिली आहे. ती कुणापुढेही वाकवायची नसते. पोळ्या करताना वाकलीस तेवढं पुरे."

मी थक्क झाले ते त्यांच्या मराठीने. हिंदी, गुजराती कालवलेली, पण मराठीच. मग कळलं, हे घराणं अरबांचं. पार तिकडच्या येमेनमधल्या हद्रामौत प्रांतातून त्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत शिपाई म्हणून आले. नानीमाँचे सासरे सरकारी नोकरीत, त्यामुळे घरात मराठी असायची. पण नानीमाँ स्वतः बडोद्याच्या नव्हेत. त्यांच्या वडिलांची शाखा जहाजाने दुसरीकडे, जावा बेटावर गेली होती. सुराबाया नावाच्या गावात मशिदीभोवती अरबांची वस्ती होती, तिथे वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दुसरं महायुद्ध संपलं, वडील वारले, तेव्हा चुलते त्यांना बोटीतून इकडे घेऊन आले आणि इथल्या घरात लग्न लावून दिलं. पुन्हा ते गाव त्यांनी पाहिलं नाही.

"म्हणजे तुम्हीपण लांबून आलात," मी म्हटलं.

"तुझ्या वाशीमपेक्षा थोडं लांबून," त्या म्हणाल्या.

आता उभं राहण्याचं सांगते, कारण ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. आपण खुर्चीतून उठतो तेव्हा सरळ वर उठत नाही. करून बघा. आधी पाय मागे घ्यावे लागतात, मग छाती पुढे झुकवावी लागते, नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे गेलं पाहिजे, तेव्हा कुठे बूड उचलतं. म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती असते, म्हणून ते मागे रेलतं, आणि मागे रेललेलं माणूस चार जणांनी उचललं तरी उठत नाही. म्हणून व्यायामाचा पहिला धडा उठण्याचा नसतोच. पहिला धडा पुढे वाकण्याचा.

व्यायाम घ्यायला सकाळी जिग्नेशभाई यायचे. तरुण मुलगा, गोड, कामाला वाघ. पलंगाची गादी दबते म्हणून त्यांनी हातांची उंच खुर्ची मागवली. ती कुठे ठेवायची हे त्यांनी मला विचारलं आणि मी मोठ्या हौशीने सांगितलं, "बाल्कनीकडे तोंड करून ठेवा. ती ईशान्य आहे." आमच्याकडे देवघर ईशान्येला, पाण्याचा माठ ईशान्येला. आजाऱ्याचं तोंड ईशान्येला केलं, कोवळं ऊन अंगावर आलं, की गुण येणारच. जिग्नेशभाईंनाही पटलं. त्यांनी बाल्कनीच्या दाराजवळ भिंतीत धरायला दांडासुद्धा बसवून घेतला.

आणि नानीमाँ वाकेनात.

"चालो बा, आगळ नमो! एक, दो, तीन!" जिग्नेशभाई टाळी वाजवून म्हणायचे, म्हणजे पुढे वाका, आणि नानीमाँ पाठीला फळी लावल्यासारख्या ताठ. ओठ मिटलेले. पायात ताकद होती. पलंगावर पाय उचलायला सांगितला की उचलायच्या. पण खुर्चीत बसवलं की खलास. मी पाठीमागून हलकेच ढकललं तर माझ्या हाताखाली त्यांची पाठ थरथरायला लागली. मी हात काढून घेतला.

मुमताजबेन चिडायच्या, म्हणजे काळजीने. "सुनंदाबेन, अम्मी नमाजला पलंगावर बसून वाकते की नाही? दिवसातून पाच वेळा वाकते. तेव्हा दुखत नाही? हे नाटक आहे सगळं."

"मुमताज, तू शाळेत असशील बाई. घरात मी तुझी आई आहे," आतून आवाज यायचा. ऐकू अगदी खणखणीत होतं.

मी काय काय केलं! कोमट तेल चोळलं. मुमताजबेनना विचारून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शिऱ्याची वाटी लांब धरून "घ्या, वाका, घ्या" असंही केलं. त्यावर म्हणाल्या, "मी कुत्रं आहे का?" शिरा मात्र नंतर पूर्ण खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपत चालला होता. ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला, "पेशंट अजून उभा नाही? तुझ्याने होत नसेल तर सांग, दुसरी पाठवते." मी फोनवरच मान वाकवून "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिले. फोन ठेवला तर नानीमाँ माझ्याकडे बघत होत्या.

"फोनमध्ये दिसतं का तिला?"

"काय?"

"तू वाकलीस ते."

मग ती सकाळ आली. जवळच एक शाळा आहे. तिथे काहीतरी कार्यक्रम असणार, मैदानात लाउडस्पीकर लावून मुलांची कवायत चालली होती. आकडे मोजल्याचा आवाज बाल्कनीतून थेट खोलीत येत होता. नानीमाँ खुर्चीत होत्या. जिग्नेशभाई अजून आले नव्हते. मी वळून बघते तर त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची ओढणी गच्च धरलेली.

"सुनंदा, दार लाव. बाबांची टोपी घेतील."

मी दार लावलं. त्यांना पलंगावर घेतलं, पाणी दिलं. त्या वेळी काहीच विचारलं नाही. दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हटलं, "नानीमाँ, बाबांची टोपी कोण घेणार होतं?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग हसल्या.

"माझे बाबा फार नाटकी होते. मुमताज म्हणते ना मला नाटकी? तिथून आलंय."

जावावर जपानी फौज आली तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. तिथे राज्य करणारे डच पळाले. आधी वस्तीतले लोक म्हणाले, गोरे गेले, बरं झालं. मग दुकानांतलं कापड गेलं. "माझ्या बाबांच्या दुकानात फक्त गज उरला, कापड मोजायचा. बाबा रोज तो पुसून ठेवायचे. लोक गोणपाट शिवून घालायला लागले, सुनंदा. कापडवाल्याची मुलगी मी, माझ्या अंगात गोणपाट. इतकं खाजायचं!" अरबांना परके म्हणून वेगळं नाव नोंदवावं लागलं. जन्म तिथला, आजी तिथली, पण कागदावर परके. "डचांनापण आम्ही परके आणि जपान्यांनापण. परके असलं की माणूस फार नीट वागतो. तुला माहीत असेल."

मला माहीत होतं.

"आणि रोज सकाळी मैदानात उभं करायचे. सगळ्या गल्लीला. भोंगा वाजायचा, आकडे मोजायचे. मग सगळ्यांनी त्यांच्या बादशहाच्या राजवाड्याकडे तोंड करून वाकायचं. कमरेतून. अगदी खाली." तेलाचा हात मी थांबवला होता. "आम्ही नमाजला मक्केकडे वाकतो, ती बाजू पश्चिमेची. इथे पाठ अर्धी तिकडे करून एका माणसासाठी वाकायचं. बाबा म्हणाले, मी नाही वाकणार. आई रडायला लागली. मग बाबांनी युक्ती काढली. वाकायचा हुकूम आला की बाबांची टोपी खाली पडायची. बाबा टोपी उचलायला वाकायचे. टोपी उचलली, झटकली, घातली, तोवर सगळे सरळ झालेले. मी शेजारी उभी असायची, मला हसू दाबता यायचं नाही. घरी येऊन आईला सांगायचे, आज मी फक्त टोपीपुढे वाकलो."

मीसुद्धा हसले. नानीमाँ खूप हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"एक दिवस शिपायाच्या लक्षात आलं. त्याने टोपी पायाने लांब सारली. बाबांच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबलं. सगळ्या गल्लीसमोर. दाबून धरलं. मी बघत होते. घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, तू लहान आहेस, तू वाकत जा बेटा, तुझ्यावर पाप नाही. आणि मी वाकले. लढाई संपेपर्यंत रोज, सगळ्यात खाली. म्हणजे त्या शिपायाने माझ्याकडे बघावं, बाबांकडे नाही."

"कुठल्या बाजूला हो, नानीमाँ?" मी विचारलं. खरंतर तोवर मला कळलं होतं.

त्यांनी बाल्कनीकडे बोट केलं. "इथूनही तीच बाजू. नवीन सून म्हणून आले तेव्हा काकांना विचारून ठेवलं होतं. मी मुद्दाम नाही ग करत. तुला वाटतं मला चालायचं नाही? मला संडासला माझ्या पायांनी जायचं आहे, दुसरं काही नको. पण तो मुलगा आकडे मोजतो, आणि कंबर आपोआप धरते."

माझ्या देवाच्या दिशेला मी त्यांना रोज बसवत होते. मी तेलाचे हात तसेच जोडले. त्यांनी माझ्या मनगटावर चापटी मारली. "हात जोडू नको. वेणी घाल."

दुसऱ्या दिवशी जिग्नेशभाई आले तेव्हा मी दारातच त्यांना गाठलं. भीती वाटत होती, मुलगा रागावेल, दांडा बसवून घेतला होता बिचाऱ्याने. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मग डोळे पुसून म्हणाले, "सुनंदाबेन, माझ्या दादीलापण मी असंच ओरडायचो." एवढंच बोलले आणि स्वतः खुर्ची उचलून फिरवली. पश्चिमेला कपाट होतं. मुमताजबेनही आतून ऐकत होत्या, त्यांनी त्याला खांदा लावला, मी दुसरीकडून लावला. कपाटामागून वर्षानुवर्षांची धूळ निघाली, एक हरवलेला चमचा निघाला आणि नानीमाँचा जुना चष्मा निघाला. "याचसाठी कामाच्या बाईला चोर म्हटलं होतंस तू," नानीमाँ लेकीला म्हणाल्या.

दांडा राहिला जुन्या जागी. त्याच्याऐवजी पुढ्यात वॉकर ठेवला. नानीमाँना पश्चिमेकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. जिग्नेशभाई सवयीने टाळी वाजवायला गेले, हात तसाच खाली घेतला. "बा, तमे कहो त्यारे," म्हणाले. तुम्ही म्हणाल तेव्हा.

मी समोर लहान स्टुलावर बसले होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या बराच वेळ मोकळ्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग पाय मागे घेतले. ओठांतल्या ओठांत बिस्मिल्लाह म्हटलं. आणि छाती पुढे आली, नाक अंगठ्यांच्या पुढे गेलं, अगदी पुस्तकात असतं तसं, आणि नानीमाँ उभ्या राहिल्या. पाय लटलटत होते. जिग्नेशभाईंचे हात त्यांच्या कमरेपासून बोटभर दूर, पण लावलेले नाहीत. मुमताजबेन दाराशी तोंडावर पदर धरून उभ्या.

मी स्टुलावरून उठून जवळ गेले, न जाणो तोल गेला तर म्हणून. नानीमाँनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतके दिवस त्यांनी मला पलंगावरून, खालूनच पाहिलं होतं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "तू तर बुटकी निघालीस!"

त्यानंतर गाडी सुटली ती सुटलीच. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून संडासापर्यंत. ज्या दिवशी आतून कडी लावली, त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर जीव मुठीत धरून उभे, आणि आतून हुकूम, "जा आपापल्या कामाला, मी काय सर्कस आहे?" मग स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि ओट्याला टेकून मला त्यांच्या वस्तीतली सुंठेची कॉफी करून पाजली. इतकी तिखट की माझ्या नाकातून पाणी आलं. "सुराबायाचं पाणी," म्हणाल्या.

आमच्या कामाचं हेच उलटं आहे. पेशंट उभा राहिला की आपण उठायचं. कपाळावर नोकरी गेल्याचं लिहिलेलं असतं आणि तोंडाने अभिनंदन म्हणायचं असतं. ब्यूरोच्या मॅडमनी दुसरं घर दिलं, मांजलपूरला. फोनवर मी "हो मॅडम" म्हटलं, ताठ उभं राहून. नानीमाँ बघत होत्या ना.

शेवटच्या दिवशी सकाळी माझी पिशवी घ्यायला गेले. मुमताजबेननी डबा भरून दिला. नानीमाँ म्हणाल्या, लिफ्टपर्यंत मी येणार. वॉकर टेकत टेकत आल्या, आम्ही दोघी बाजूने. लिफ्टपाशी पोचलो आणि माझी जुनी खोड, मी वाकले.

"अं हं!"

मी अर्ध्यातच थांबले. ना वर, ना खाली. डोळ्यांत पाणी आलेलं, ते दिसू नये म्हणून मानही वर करवेना. तेवढ्यात समोर वॉकर करकरला. नानीमाँनी त्याला घट्ट धरलं, पाय मागे घेतले, आणि त्या वाकल्या. कमरेतून. माझ्या डोक्यावर त्यांचे ओठ टेकले.

मुमताजबेननी माझा दंड धरला. त्या जिन्याच्या जाळीकडे बघत होत्या. जाळीतून ऊन आत येत होतं, ते नानीमाँच्या कपाळावर पडलं होतं. बाल्कनीतून यायचं तेच सकाळचं ऊन. लिफ्ट त्याच बाजूला, ईशान्येला होती.

"अहो नानीमाँ, सांभाळा, वाकू नका हो," मी म्हटलं.

"तू बुटकी आहेस," त्या सरळ होत म्हणाल्या, "त्याला मी काय करू?"